एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: वर्षभर थांबायचं ते कशासाठी?

सावईची सून

नमस्कार. वय ४३, फोंडा तालुका, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी तेरा. हा विषय घरात काढता येत नाही, म्हणून इथे विचारते.

जुलैत अंगावरून पांढरं जायला लागलं म्हणून डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पिशवीच्या तोंडाचे, म्हणजे गर्भाशयमुखाचे, दोन नमुने घेऊन पाठवले: एक एचपीव्हीसाठी, म्हणजे तिथे कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूसाठी, आणि दुसरा पॅपसाठी, म्हणजे तिथल्या पेशी तपासायला. रिपोर्टात आहे तसंच लिहिते: एचपीव्ही १६ निगेटिव्ह, एचपीव्ही १८ निगेटिव्ह, इतर हाय रिस्क प्रकार पॉझिटिव्ह. पॅप स्मिअर नॉर्मल, किंचित सूज. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही, वर्षाने परत या." मी विचारलं, औषध? "याला औषध नसतं." बाहेर बायकांची रांग होती, मी उठले.

फोंड्याच्या कदंबा स्टँडवर बसून तो कागद किती वेळा वाचला असेन कोण जाणे. माझ्या दोन बसगाड्या निघून गेल्या, चढायचं सुचलं नाही. घाबरण्यासारखं नाही तर वर्षाने बोलावता का? आणि असेल तर वर्षभर थांबवता कसं?

मग दुसरीकडे दाखवलं. तिथे पाच मिनिटांत सांगून टाकलं, मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका, चतुर्थी झाली की तारीख घ्या.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे. सर्दी आठ दिवसांत जाते, कोविडसुद्धा पंधरा दिवसांत गेला. मग हाच विषाणू शरीराला का हाकलता येत नाही? मला शुगर नाही, बीपी नाही. माझ्या प्रतिकारशक्तीत खोट आहे का? या वर्षभरात आत काय चाललेलं असेल?

शेवटचा प्रश्न लिहितानाही हात थांबतो. नवऱ्याला रिपोर्ट दाखवला. तो वाईट माणूस नाही. त्याने एवढंच विचारलं, "हे आलं कुठून?" पोफळींच्या फवारणीला माणसं आली होती, तो तसाच कुळागरात निघून गेला. वीस वर्षांचा संसार आहे आमचा. मला उत्तर देता आलं नाही.

मडगांवकार

ताई, माझ्या मावसबहिणीचंही असंच निघालं होतं. तिने पिशवी काढून घेतली, आज सहा वर्षं ठणठणीत आहे. एकदा काढलं की डोक्याला ताप नाही. सोबत प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा चालू ठेवा. देव बरें करूं.

स्लाइडवाली

वैनी, भियेनाका. मी डॉक्टर नव्हे. सरकारी प्रयोगशाळेत २६ वर्षं पॅपच्या स्लाइड्स वाचल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्यासारखे रिपोर्ट माझ्या टेबलावरून रोज जात. तो कागद हातात घेऊन बाई बसस्टँडवर बसून राहते हे आम्हाला आत बसून कधी दिसलं नाही. तुमचं वाचून रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

एचपीव्हीची चाचणी सांगते की विषाणू आहे की नाही. पॅप सांगते की त्याने पेशी बिघडवल्यात की नाही. तुमच्या घरात पाहुणा शिरलाय, पण अजून त्याने काही मोडलेलं नाही.

आता शरीर त्याला का हाकलत नाही. सर्दीच्या विषाणूने नाकाच्या अस्तराला इजा केली की सूज येते, ताप येतो, सगळे पहारेकरी धावत येतात. एचपीव्ही एकही पेशी फोडत नाही. पिशवीच्या तोंडाशी आतलं एकपदरी अस्तर संपून बाहेरचं अनेक पदरी अस्तर सुरू होतं. त्या हद्दीवर एखाद्या बारीक ओरखड्यातून तो अगदी तळाच्या पेशीत उतरतो, आपल्या थोड्याच प्रती करतो आणि गप्प बसतो. तळाच्या पेशी हळूहळू वर सरकत असतात. त्या अगदी वर, गळून पडायच्या बेताला आल्या की मग हा भराभर वाढतो, आणि पेशी गळाली की तिच्याबरोबर बाहेर. रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही, दुखत नाही. शिवाय "आत परका आहे" अशी जी खूण पेशी आपल्या अंगावर लावते, ती लावण्यातही तो अडथळा आणतो. त्याला दडून राहायची कला साधली आहे. तुमच्यात खोट शोधू नका.

आणि उशिरा का होईना, शरीर त्याला ओळखतं. संसर्ग झालेल्या दहा बायकांपैकी नऊ जणींचा विषाणू दोनेक वर्षांत चाचणीत दिसेनासा होतो. हे काम मुख्यतः टी पेशींचं, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं. एचआयव्हीमध्ये नेमक्या याच पेशी कमी होतात आणि अशा बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट असतो, यावरून त्यांचं महत्त्व कळतं. काढ्याने टी पेशी या विषाणूला शोधायला लागतात असं मी कुठेही पाहिलं नाही, मडगांवकारांनी रागावू नये. विडी-सिगरेट मात्र धोका वाढवते, हे पक्कं आहे.

राहिली दहावी. तिचा विषाणू वर्षानुवर्षं मुक्काम करतो. सगळा प्रश्न या मुक्कामाचा आहे.

स्लाइडवर हे कसं दिसतं ते सांगते. पॅपच्या रंगात वरच्या थरातल्या पेशी गुलाबी-नारिंगी, मधल्या निळसर-हिरव्या, पातळ पाकळ्यांसारख्या पसरलेल्या. एचपीव्ही वाढत असलेली पेशी एकदा पाहिली की विसरत नाही. जुना नारळ फोडला की आतला गोटा करवंटी सोडून सुटा झालेला असतो ना, तसं केंद्रक मधोमध आकसलेलं, सुरकुतलेलं, भोवती रिकामी जागा, आणि त्या जागेला बाहेरून जाड काठ. तिला आम्ही कॉइलोसाइट म्हणतो. नवीन मुलं ती बघून दचकायची. मी सांगायचे, इथे विषाणू आपला नेहमीचा धंदा करतोय, पिल्लं घालील आणि जाईल.

माझा हात थांबायचा तो दुसऱ्या चित्रावर. तिथे भोवतीची मोकळी जागा नसते. पेशी लहान, केंद्रक काळपट, कडा वेड्यावाकड्या, आणि ते इतकं मोठं की पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. तिथे विषाणूने पिल्लं घालणं जवळजवळ सोडलेलं असतं. पुष्कळदा त्याचा तुकडा आपल्या गुणसूत्रात जाऊन बसलेला असतो आणि त्याची दोन प्रथिनं, ई६ आणि ई७, बेसुमार तयार होत असतात. पेशीत बिघाड झाला की तिला थांबवणारा पी५३ नावाचा राखणदार असतो, त्याला ई६ संपवतं. आरबी नावाचा ब्रेक असतो, तो ई७ निकामी करतं. राखणदार नाही आणि ब्रेकही नाही अशी पेशी वाढत सुटते. पण यालाही अजून कर्करोग म्हणत नाहीत. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात, प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर ५ ते १०. कर्करोगाआधीच्या या बदलांच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या, सौम्य पायरीचे बदल बहुतेक आपोआप मागे फिरतात. तिसऱ्या पायरीचे उपचाराविना सोडले तर ३० वर्षांत साधारण ३० टक्के बायकांना कर्करोग होतो. हा आकडा न्यूझीलंडमधल्या बायकांमुळे मिळाला. त्यांना नीट कल्पना न देता त्यांचे उपचार रोखले गेले होते. तो आकडा उच्चारताना मला नेहमी त्या बायका आठवतात.

म्हणजे तुमचं वर्ष कशासाठी, तर विषाणूला निघून जायला वेळ द्यायचा आणि तो गेला का ते बघायचं. या वर्षात नॉर्मल पॅपवरून थेट कर्करोगावर उडी पडण्याची शक्यता फार कमी.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती लक्षात ठेवा. "इतर हाय रिस्क" या एका ओळीत पुष्कळ चाचण्यांमध्ये १२ प्रकार एकत्र मोजलेले असतात. पुढच्या वर्षी तीच ओळ पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर जुनाच विषाणू राहिलाय की तो जाऊन दुसरा आलाय, हे त्या ओळीवरून कळत नाही. धोका जुना राहण्यात जास्त आहे. प्रत्येक प्रकार वेगळा सांगणारी चाचणी असते. करता येईल का असं डॉक्टरबाईंना विचारा.

आता "आलं कुठून". तुमच्या यजमानांनाही हे वाचायला द्या. संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो. तो चाचणीत न दिसता वर्षानुवर्षं राहू शकतो आणि चाळिशीनंतर पुन्हा दिसू शकतो. कधी आला आणि कुणाकडून आला हे सांगणारी चाचणी नाही. लग्नाआधीचा असू शकतो, त्यांच्याकडचा किंवा तुमच्याकडचा. हा रिपोर्ट कुणाच्याही वागणुकीचा दाखला नव्हे.

आणखी एक लिहिते, माझ्या मनातून जात नाही म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईच्या स्लाइडवर मी थोडा बदल पाहिला होता. "सहा महिन्यांनी परत" असा रिपोर्ट गेला. ती आली नाही. रिपोर्ट तिच्या हातात पोहोचला की नाही, हेसुद्धा कुणी पाहिलं नाही, मीही नाही. चार वर्षांनी तेच नाव रजिस्टरमध्ये आलं. स्लाइड भिंगाखाली घेतली आणि पहिल्याच नजरेत कळलं. त्या दिवसापासून मी वेगळी वही ठेवली, परत यायचं असलेल्यांची, आणि तारीख उलटली की वॉर्डातल्या सिस्टरला फोन करायचे. तुमच्या डॉक्टरबाई अशी वही ठेवत असतील किंवा नसतील. तारीख तुम्ही स्वतः कालनिर्णयावर लिहून ठेवा.

बार्शीची, आता डिचोलीत

माझं माहेर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आताचं धाराशिव. मी शाळेत असताना गावात आरोग्य कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. ३० ते ५९ वयाच्या बायकांना तपासणीला बोलवत होत्या. शेतातलं काम सोडून कुणी जाईना. आईला आजीनेच रागावून पाठवलं.

तो साधासुधा कॅम्प नव्हता, हे मला फार नंतर कळलं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम होतं. १,३१,७४६ बायका. काही गावांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप, काहींत नुसतं अॅसेटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहणं, आणि काही गावांत तपासणीविना नेहमीसारखं. २००९ मध्ये निकाल आला. ज्या गावांत एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आमच्या उसाच्या आणि ज्वारीच्या रानातल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, याचा मला फार अभिमान आहे.

आईची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. तिला बार्शीला नेलं. ती सांगते, व्हिनेगरसारखा वास होता, थोडं चुरचुरलं, आणि डॉक्टरांनी भिंगातून पाहून सांगितलं की एक पांढरा डाग उठलाय. गार करायच्या यंत्राने तेवढाच डाग गोठवून मारला. पिशवी जागच्या जागी आहे. आई आज ६८ वर्षांची आहे आणि अजून हुरडा स्वतः भाजते.

वैनी, तुमचा तर पॅपही नॉर्मल आहे. कशाला कापाकापी?

सावईची सून

तुमचं सगळ्यांचं वाचताना रडू आलं, पण बरं वाटलं. ताई, मी बदलांच्या पायऱ्या शाळेच्या वहीत काढून पाहिल्या, आता समजल्या.

अजून विचारू? औषध नाही म्हणतात ते अजून शोधलं नाही म्हणून की शोधूनही सापडलं नाही म्हणून? आणि पिशवी काढणं चूकच का? तिथल्या डॉक्टरांनी इतक्या ठामपणे सांगितलं.

खोर्लीचो

औषधाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. म्हापशाचा आहे, पुण्यात पीएच.डी. करतो, विषय याच्याच शेजारचा.

हेला नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या. ती त्याच वर्षी गेली, वय अवघं ३१. १९८०च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने एचपीव्ही १६ आणि १८ शोधले तेव्हा या पेशींत १८ सापडला. त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. माझ्या कामाच्या दृष्टीने पुढचा भाग मोठा आहे. या पेशींत विषाणूचंच ई२ नावाचं प्रथिन बाहेरून घातलं की ई६ आणि ई७ बंद पडतात, आणि इतकी दशकं न थांबता वाढणाऱ्या पेशी वाढायच्या थांबतात, म्हाताऱ्या होतात. म्हणजे पी५३ आणि आरबी त्यांच्यात शाबूत होते, नुसते दाबून ठेवलेले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. इतक्या वर्षांनीही ती पेशी त्या दोन प्रथिनांच्या जिवावर जगते.

म्हणून औषधाचा नेम त्या दोघांवर धरतात. ई६-ई७ ओळखायला टी पेशींना शिकवणारी उपचाराची लस, असा विचार. अशा एका लसीचा निकाल २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे बदल असलेल्या बायकांत लस घेतलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्क्यांचे बदल मागे गेले. आणि खोटी लस टोचलेल्यांपैकी? तिथेही सुमारे ३० टक्क्यांचे गेले! लसीचा फायदा खरा होता. पण त्या ३० टक्क्यांत शरीराने एकट्याने काय केलं, हा प्रश्न मला जास्त ओढतो. गर्भाशयमुखाच्या या बदलांसाठी अशी एकही लस अजून बाजारात आलेली नाही. तेव्हा तुमचं उत्तर: शोधणं चालू आहे, थोडं हाती लागलंय, तुमच्या डॉक्टरबाईंना चिठ्ठीवर लिहून देता येईल असं काही नाही.

मुलींना देतात ती लस वेगळी. ती विषाणूच्या रिकाम्या कवचाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करते आणि त्याला दारातच अडवते. आत शिरलेल्या विषाणूला ती काढत नाही, कारण तळाच्या पेशीत तो कवच बांधतच नाही.

स्लाइडवाली

बाबा, छान लिहिलंस.

वैनी, पिशवीचं. नॉर्मल पॅप आणि नुसती एचपीव्ही पॉझिटिव्ह एवढ्यावरून पिशवी काढायचं कारण नाही. विषाणू योनीच्या अस्तरातही असतो, पिशवी गेली म्हणून तो जात नाही. पिशवी काढलेल्या बायकांचे शिवणीच्या जागेचे बिघडलेले स्मिअर मी वाचलेले आहेत. उलट, नीट तपासणी न करता घाईने पिशवी काढली आणि आत लपलेला कर्करोग निघाला, तर ते ऑपरेशन त्याला पुरेसं नसतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. पुढच्या वर्षी पॉझिटिव्हच राहिलं तर कॉल्पोस्कोपी करतील. भिंगातून पाहणं, बार्शीच्या आईचं केलं तसंच. संशय आला तर कणभर तुकडा काढून बायोप्सी. आणि तिसऱ्या पायरीचं निघालं तरी बहुतेक वेळा तारेच्या फासाने तोंडाचा तेवढाच भाग काढतात, बाई संध्याकाळी घरी. मधल्या काळात संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी नसताना अंगावरून गेलं, तर वर्षाची वाट बघू नका, लगेच जा.

मुलीला मात्र लस द्याच. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, १६ आणि १८ दोन्हीवर चालते, आणि जगातल्या या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के त्या दोघांमुळे होतात. १४ वर्षांपर्यंत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून एक डोसही चालेल असं म्हटलंय. आणि त्यामागचा एक मोठा पुरावा आपल्याच देशातल्या मुलींचा आहे. एचपीव्ही लसीचे किती डोस पुरतात याचा अभ्यास आपल्याकडे चालू होता, पण एका वेगळ्याच प्रकल्पावरून वाद झाला म्हणून २०१० मध्ये त्यातलं लसीकरण मध्येच थांबवलं गेलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर एका डोसानेही १६-१८ चा मुक्काम जवळजवळ ९५ टक्के रोखला होता. पुणे आणि बार्शीच्या मुलीही त्यात होत्या.

सावईची सून

काल रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने सगळं वाचलं, वर जाऊन पुन्हा वाचलं. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. पुढच्या जुलैचं पान त्यात कुठून असणार, म्हणून डिसेंबरच्या पानावर मागून लिहिलं, "जुलै, डॉक्टर, आठवण" आणि खाली स्वतःचं नाव. "मी येईन," म्हणाला. लॅबलाही फोन केला. प्रकार वेगळे सांगणारी चाचणी बाहेर पाठवून करतात, नमुना देताना आधी सांगा म्हणाले.

पिशवीची तारीख घेतली नाही. मुलीला शनिवारी नेतो आहोत. त्याने एक विचारायला सांगितलंय: मुलग्यालाही ही लस देतात का?

स्लाइडवाली

देतात. सर्व्हाव्हॅक मुलग्यांनाही २६ वर्षांपर्यंत चालते. त्याला १५ पूर्ण झालीत, म्हणजे तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. दोघांना एकाच शनिवारी न्या. आणि मुलीला टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. या वयात काही मुलींना सुई बघूनच घेरी येते.